दुसरा कान

माझा भाचा बडनेऱ्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीत फराळ करता करता तो म्हणाला, "मामा, पंधरा हजार देता का? आम्ही पोट्टे मिळून रेसची गाडी बनवतो आहोत."

पस्तीस वर्षं मी बँकेत लोकांना कर्जं मंजूर करत आलो. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहितो खरा. पण कुणी पैसे मागितले की आतला अधिकारी जागा होतो. "पैसे कशावर खर्च होणार?" मी विचारलं. "पुढच्या नाकाचं फायबर आणि रंग," तो म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी पैसे दिले.

'फॉर्म्युला भारत'सारख्या स्पर्धांसाठी ही मुलं एका माणसाची, हलकी, उघड्या चाकांची गाडी स्वतः आखतात आणि स्वतः बांधतात. इंजिनाला ७१० सीसीची मर्यादा असते. गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायची नसते. बंद ट्रॅकवरच पळवायची. हे सांगून ठेवतो, कारण रस्त्यावरच्या गाड्यांत असे फेरफार करणारी मुलं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्ही त्याच्या विरोधात आहेत.

जानेवारीत मुलांनी महाविद्यालयाच्या मैदानावर चाचणी घेतली. मी गेलो होतो. लाल नाकाची गाडी इतकी देखणी दिसत होती की, मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. तिसऱ्या फेरीला वळणावर गाडीचा मागचा भाग एकाएकी बाहेर फेकला गेला. गाडी गर्रकन फिरली आणि कडेला रचलेल्या टायरांवर आदळली. चालवणारा माझा भाचाच होता. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बहीण माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाली, "दादा, पैसे देताना तू काहीच कसं विचारलं नाहीस?"

काय मोडलं, ते नंतर कळलं. मोडलं असं काहीच नव्हतं. वाकला होता तो एक बोल्ट.

पुढची चाकं आपण वळवतो. मागची वळवायची नसतात. त्यांची दिशा पक्की राहावी म्हणून प्रत्येक चाकामागे एक बारीक दांडा असतो. त्याला टो-लिंक म्हणतात. त्याचं एक टोक चाकाकडे, दुसरं गाडीच्या सांगाड्याला. सांगाड्याकडचं टोक बोल्टानं धरायला एक पत्रा असतो. मुलांच्या गाडीत हा पत्रा एकाच बाजूला होता. म्हणजे बोल्ट एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने हवेत. वळणावर भार आला, बोल्ट थोडा वाकला, दांडा थोडा सरकला आणि न वळणारं चाक वळलं.

घरातल्या कुणालाही हे स्वयंपाकघरात समजेल. कढईला दोन कान असतात. भाजीनं भरलेली कढई एकाच कानाला धरून उचलून पाहा. कढई कलंडते, मनगट दुखतं आणि काही वर्षांनी कानाचा रिबिट ढिला होतो. कढई तीच आणि भाजीही तेवढीच. चूक फक्त धरण्यात.

मुलांनी नियम पाळला नव्हता का? पाळला होता. या स्पर्धांच्या नियमांत म्हटलं आहे की अशी जोडणी दोन्ही बाजूंनी धरलेली हवी, किंवा सांधा निकामी झाला तरी दांडा निसटू नये म्हणून बोल्टावर मोठं वॉशर हवं. मुलांनी वॉशर लावलं. ते सोपं होतं. वॉशरनं आपलं काम केलंही. दांडा सुटला नाही, म्हणून मनगटावर निभावलं. पण दांडा निसटू न देणं वेगळं आणि बोल्ट वाकू न देणं वेगळं.

हे ऐकताना मला माझीच नोकरी आठवली. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या विकास गटांत सुरू झाला. त्या काळात मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका शाखेत होतो. आम्ही बैलगाड्यांना कर्ज द्यायचो. मग तपासणीला जायचो. तपासणी म्हणजे काय? गाडीवर 'बँकेकडे तारण' असं रंगवलं आहे की नाही, ते पाहायचं, फाईलमध्ये नोंद करायची आणि चहा पिऊन परतायचं. आस कसला आहे, चाकाची धाव नीट बसली आहे का, हे मी एकदाही वाकून पाहिलं नाही. एका शेतकऱ्याची गाडी पहिल्याच हंगामात, कापूस भरलेला असताना आसावर बसली. फाईलमध्ये मात्र सगळं बरोबर होतं. मुलांच्या वॉशरसारखंच.

फेब्रुवारीत प्लास्टर घातलेल्या भाच्याला घेऊन मी अकोल्याला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. वाटेत लोणी ते माना हा टप्पा लागला. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर इथंच ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून गिनीज बुकात गेली. आधीचा विक्रम कतारमधला, पंचवीस किलोमीटरच्या जरा पुढचा. या रस्त्याचे हाल आम्ही अनेक वर्षं हाडांनी मोजले आहेत, त्यामुळे अभिमान वाटतोच. पण वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरचं डांबर किती तासांत पडलं, याची नोंद गिनीज ठेवील. रस्ता किती पावसाळे टिकेल, हे खालचे थर आणि पाण्याचा निचरा ठरवतील.

मिस्त्रींनी वाकलेला बोल्ट हातात फिरवून पाहिला. मुलांचा बेत जाड बोल्ट टाकण्याचा होता. मिस्त्री हसले. "बोल्ट कितीही जाड करा जी, थो एकाच कानात लटकते ना! बोल्ट तगला तर पत्रा फाटीन. दुसरा कान लावा बाप्पा."

दुसऱ्या बाजूला तसाच पत्रा आला की भार दोन ठिकाणी वाटला जातो आणि बोल्टाला वाकायला वावच उरत नाही. हे काही वऱ्हाडातच लागलेलं शहाणपण नव्हे. इंग्लंडच्या लोटस कंपनीची एलिस ही १९९६ची गाडी हलकेपणासाठी नावाजलेली. वजन सव्वासातशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८००पेक्षा थोडंसंच जास्त. तिच्याही मागच्या दांड्याचा आतला सांधा एका बाजूनेच धरलेला. ट्रॅकवर गाडी पळवणारे हौशी मालक तिथं दोन्ही बाजूंनी धरणारी जोडणी बसवून घेतात.

मिस्त्रींनी दोन्ही चाकांसाठी दोन पत्रे कापले, भोकं पाडली, वेल्डिंग केलं. वजन वाढलं दीडशे ग्रॅम. मजुरीसकट खर्च साडेचारशे रुपये. मी लाल नाकाला दिले होते पंधरा हजार.

तो आकडा मला अजून टोचतो. पैसे घरातले असोत, बँकेतले असोत की सरकारचे. ते जिथं फोटो निघतो तिथं आधी जातात. लग्नात मंडपाला जातात, शाळेत कमानीला जातात. स्वच्छतागृहाच्या नळाला आणि जिन्याच्या कठड्याला 'पुढच्या वर्षी' म्हणतात. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. नाक कसं आहे, हे आम्ही मोठ्यांनीच विचारलं. बोल्ट कसा आहे, हे कुणी विचारलं नाही. पैसे देणाऱ्याला अभियांत्रिकी यावी लागत नाही. "हे मोडलं तर कुठून मोडेल?" एवढं विचारता आलं तरी पुरे. समोरच्याला उत्तर देता आलं नाही, तर आधी ते शोधायला पैसे द्यावेत. रंग नंतर.

मार्चमध्ये दुसरी चाचणी झाली. भाच्याचं प्लास्टर निघालं होतं, तरी गाडी दुसऱ्या मुलानं चालवली. ती अट माझ्या बहिणीची. गाडी वीस फेऱ्या सरळ फिरली. बहीणही आली होती. गाडी थांबल्यावर ती लाल नाकाकडे गेली नाही. मागच्या चाकाशी वाकली आणि मुलाला म्हणाली, "तो दुसरा कान कुठं आहे, दाखव."