भुशीकरांनो, पाऊस सुरू होण्याआधी नळ बदला!

भुशी, तुंगार्ली, वलवण, नांगरगाव आणि खंडाळ्यातल्या सर्व घरमालकांना, बंगलेवाल्यांना आणि बंगले सांभाळणाऱ्यांना कळकळीची विनंती.

मृग ७ जूनच्या आगेमागे लागतो. पुढे आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. शनिवार उजाडला की भुशी डॅमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, प्लंबर हॉटेलांच्या कामांत अडकलेले असतात आणि आपल्या बाथरूममधला नळ नेमका तेव्हाच हातात येतो. म्हणून गळके नळ, कुजलेले कनेक्शन पाइप आणि सतत वाहणारे फ्लश टँक आत्ताच बदला. आणि शक्य तितकं स्वतःच्या हातानं बदला.

‘इथे एवढा पाऊस पडतो, एका थेंबाचं काय घेऊन बसलात?’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण नळाचं पाणी कोणीतरी उपसून, शुद्ध करून, चढावर चढवून आपल्या टाकीपर्यंत आणलेलं असतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. एका लिटरला पाच हजार थेंब धरले तरी रोजचे सतरा लिटर, म्हणजे एक भरलेली बादली. भुशीचं धरण एकोणिसाव्या शतकात जीआयपी रेल्वेनं बांधलं ते घाटातल्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरावं म्हणून. सह्याद्रीच्या माथ्यावर, एवढ्या पावसाच्या गावातही पाणी साठवावं लागतं, हे रेल्वेला तेव्हाच कळलं होतं.

खरं नुकसान मात्र थेंबानं होत नाही, बंद घरात होतं. आपल्याकडचे कितीतरी बंगले सोमवार ते शुक्रवार कुलपात असतात. बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला आणि मिनिटाला दहा लिटर पाणी वाहू लागलं, तर हजार लिटरची टाकी दोन तासांच्या आत रिकामी होते. पंप ऑटोमॅटिक असेल तर टाकी पुन्हा भरते आणि पुन्हा रिकामी होते. शुक्रवारी रात्री दार उघडावं तर फॉल्स सीलिंग खाली आलेलं, प्लायवूडची कपाटं फुगलेली. लोणावळ्याच्या दमट हवेत त्यावर बुरशी यायला वेळ लागत नाही.

सुरुवात कनेक्शन पाइपपासून करा. एक स्क्रू पाना, टेफ्लॉन टेप, फडकं, बादली आणि टॉर्च एवढंच लागतं. अँगल कॉक बंद करायचा, पाइपचे दोन्ही नट सोडवायचे आणि जुना पाइप हातात घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जायचं. लांबी आणि आटे तिथेच जुळवता येतात. स्टीलच्या जाळीचा घ्या. त्याच्या नटात रबरी वॉशर असतो, तोच पाणी अडवतो, तिथे टेप गुंडाळायची गरज नाही. नट हातानं घट्ट करून मग पान्यानं जेमतेम पाव वळसा. जास्त आवळलात तर वॉशर चेपून गळायला लागतो.

भिंतीतला नळ जरा जपून. आधी मेन कॉक बंद करा आणि सगळ्यांत खालचा नळ उघडून लाइन रिकामी करा. जुना नळ हलक्या हातानं डावीकडे फिरवून काढा, आतले आटे पुसून घ्या. नव्या नळाच्या आट्यांवर टेप गुंडाळताना आट्यांचं टोक आपल्याकडे धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा. उलटी गुंडाळली तर बसवताना सुटून येते. नळाचं तोंड सरळ खाली आलं नाही म्हणून तो उलटा फिरवायचा नाही. तो पूर्ण काढा, टेप बदला, पुन्हा बसवा. नवशिक्यांचे नळ गळतात ते बहुतेक इथेच. घरात सीपीव्हीसी प्लास्टिकची लाइन असेल तर जुन्या लोखंडी पाइपासारखी ताकद लावू नका. एल्बो भिंतीच्या आत तडकतो, आणि मग टाइल फोडण्याखेरीज इलाज नसतो.

काम झालं की खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा. सकाळी तो कोरडा असेल तर तुम्ही जिंकलात. हे पुरुषांचंच काम, असंही समजू नका, मुलींना शिकवा. शेजारी आयएनएस शिवाजीत १९४५ पासून नौदलाचे लोक जहाजांची इंजिनं शिकतात, त्यांच्या गावात आपल्याला वॉशर बदलता येऊ नये?

गीझरला मात्र हात लावू नका. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून कोणी तिथे बूच मारत असेल तर त्याला थांबवा. आतला दाब बाहेर पडायची ती वाट आहे. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या, याच महिन्यात. पावसात गारठा वाढला की आपण खिडक्या लावून घेतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भिंतीतले मिक्सर, कन्सील्ड पाइप हेही जाणकार प्लंबरचंच काम.

आता बंगल्यांच्या मालकांना वेगळी विनंती. तुम्ही पुण्या-मुंबईत असता, घर सांभाळतो तो इथला माणूस. मेन कॉक कुठे आहे ते त्याला आजच दाखवा, पाना आणि टेप त्याच्या हाती द्या आणि या जास्तीच्या कामाचे पैसेही द्या. निघताना मेन कॉक बंद करायला त्याला सांगून ठेवा. तो कॉक गंजून फिरतच नसेल, तर प्लंबर मोकळे आहेत तोवर सगळ्यांत आधी तोच बदलून घ्या.