वॉर्डात कुत्रा? हो, पण नियमाने

रुग्णांच्या भेटीला प्रशिक्षित कुत्रा आणावा असं कुणी सुचवलं की पहिला सवाल ठरलेला: ‘इथं एका खाटेवर दोघं झोपताहेत आणि तुम्हाला कुत्र्यांचं सुचतंय?’ सवाल खोटा नाही. त्यात नोव्हेंबर 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारातून भटके कुत्रे हटवण्याचा आदेश दिला. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी 36 टक्के भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा कुत्र्याची धास्ती हे आपल्याकडे कुणाचं खूळ नाही. पण जिन्याखाली पिल्लं घातलेली भटकी कुत्री वेगळी आणि लशी टोचलेला, पट्ट्यात असलेला, हँडलरबरोबर वेळ ठरवून येणारा लॅब्रेडोर वेगळा. दोघांना एकाच मापाने मोजणं म्हणजे गाड्यांनी अपघात होतात म्हणून रुग्णवाहिकाही बंद करणं.

दुसरा आक्षेप थट्टेचा. तो जुनाच आहे. बोरिस लेव्हिन्सन हे अमेरिकेतले बालमानसशास्त्रज्ञ. कुणाशीच न बोलणारं मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी मोकळं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ते व्यवसायबंधूंपुढे मांडलं, तेव्हा ‘फीमधला किती वाटा कुत्र्याला देता?’ असं त्यांना विचारण्यात आलं. हशा पिकला असणार. लेव्हिन्सन मात्र लिहीत राहिले आणि आज या उपचारपद्धतीचा इतिहास त्यांचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप सुशिक्षित, म्हणून जास्त चिवट: ‘करमणूक म्हणा, उपचार कशाला म्हणता?’ हृदय निकामी होत चाललेल्या 76 दाखल रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास 2007मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाकडे स्वयंसेवक कुत्रा घेऊन 12 मिनिटं बसला, दुसऱ्याकडे नुसता स्वयंसेवक गेला, तिसऱ्याला नेहमीचीच शुश्रूषा मिळाली. चिंता सगळ्यांत जास्त उतरली ती कुत्र्याच्या गटाची. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब आणि ताणात स्रवणारं एपिनेफ्रिनही तिथं कमी आढळलं. यातला मधला गट महत्त्वाचा. माणूस शेजारी बसला तरी बरं वाटतंच. कुत्र्याने त्यात काय भर घातली, ते त्या गटामुळे कळतं. यावर ‘रुग्णाला कुत्रा दिसत असतो, मग हा मनाचाच खेळ’ असं उत्तर येतं. फिजिओथेरपिस्टही रुग्णाला दिसतोच की. त्याला कुणी पडद्याआड उभं करत नाही.

संसर्गाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॅनडात भेटी देणाऱ्या कुत्र्यांची तपासणी झाली, तेव्हा रुग्णांना चाटणाऱ्या किंवा त्यांच्या हातून खाऊ खाणाऱ्या कुत्र्यांवर रुग्णालयातले हट्टी जंतू जास्त प्रमाणात सापडले. म्हणजे कुत्रा ते जंतू दवाखान्यातूनच उचलत होता. अर्थात पुढच्या खाटेपर्यंत पोचवूही शकत होता. उपाय ठाऊक आहेत: वर्षाच्या आतलं पिल्लू नको, कच्च्या मांसावर पोसलेला नको, चाटू द्यायचं नाही, हातावर खाऊ ठेवायचा नाही, भेटीआधी आणि नंतर हात धुवायचे, प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय फिरकायचं नाही. भेटीच्या वेळेत चपला-पिशव्यांसकट वॉर्डात शिरणाऱ्या नातेवाइकांच्या लटांबराला यातला एकतरी नियम आपण लावतो का?

आता आमच्याच बाजूच्या भक्तमंडळींकडे वळतो. 1980च्या एका अभ्यासाचे आकडे ते नेहमी तोंडावर फेकतात: हृदयविकाराच्या 92 रुग्णांपैकी घरी प्राणी असलेल्या 53 जणांतले 3 वर्षभरात दगावले, प्राणी नसलेल्या 39 जणांतले 11. पण तो अभ्यास घरच्या प्राण्यांचा होता, दवाखान्यातल्या भेटींचा नव्हे. शिवाय कुत्रा पाळण्याइतकी ताकद असलेला माणूस मुळातच धडधाकट असू शकतो. 2018मध्ये पाच रुग्णालयांतल्या कर्करोगग्रस्त 106 मुलांवरचा अभ्यास आला. कुत्रा भेटलेल्या मुलांची चिंता इतरांपेक्षा वेगळी उतरली नाही, पण त्यांच्या आईवडिलांचा ताण कमी झाला. भक्त हा निकाल झाकतात, मला तो मोलाचा वाटतो. उशाशी रात्री काढणाऱ्या आईचा केसपेपर कुणी काढत नाही. डॉल्फिनबरोबर पोहून मुलांचा स्वमग्नपणा जातो, या धंदेवाईक दाव्याबद्दल तर बोलायलाच नको. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि भारताने 2013मध्ये डॉल्फिनच्या खेळांना परवानगी नाकारली हे उत्तम झालं.

कुत्र्याने कर्करोग बरा होत नाही, साखर उतरत नाही. मग तो नेमकं करतो काय? अर्धांगवायूनंतरचा व्यायाम पाहा. आखडलेला हात दहा वेळा पुढे न्या म्हटलं की रुग्ण तिसऱ्या खेपेला मान फिरवतो. त्याच हातात ब्रश द्या आणि समोरच्या उंच बाकावर कुत्रा बसवा. मानेपासून शेपटीपर्यंत ब्रश न्यायचा तर कोपर सुटावं लागतं, खांदा पुढे यावा लागतो, बोटांना मूठ धरून ठेवावी लागते. व्यायाम तोच, फक्त आता त्याला कारण मिळालं. थेरपिस्ट मोजत असतो, रुग्ण मोजत नाही. हँडलरचं लक्ष मात्र कुत्र्याकडे हवं: तो जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला की भेट संपली, समोर कितीही मोठे साहेब पाहायला आलेले असोत.

एका खाटेवर दोघं असलेल्या जनरल वॉर्डात कुत्रा नेऊ नये, एवढं मला मान्य. पण येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांचं काय? बरे होऊनही घरच्यांनी परत न नेलेली माणसं तिथं वर्षानुवर्षं राहतात. भेटीचा दिवस त्यांच्यासाठी इतर दिवसांसारखाच. मुंबई-पुण्याकडे अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारखी संस्था हे काम करते आहे, म्हणजे श्रीगणेशा करायचीही गरज नाही. ज्याला कुत्रा नको त्याला सक्ती नाही. आठवड्यातून एक भेट, आणि रुग्णाची झोप, जेवण, बोलणं यांची नोंद परिचारिकेच्या वहीत. सहा महिन्यांनी वही उघडा. फरक दिसला नाही तर खुशाल बंद करा.