बॅकअपची यादी कोणी करायची?

छातीत दुखतंय म्हणून रुग्ण येतो, ईसीजी काढला जातो आणि त्यात 'लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक' दिसतो. पहिला प्रश्न असा की हा दोष जुनाच आहे की नव्याने झालाय? त्यावर पुढचा विचार बदलतो. उत्तर मागच्या ईसीजीत असतं. पण ईसीजीचा थर्मल कागद कालांतराने फिका पडतो, म्हणून संगणकातली फाइल जपावी लागते.

मोठ्या रुग्णालयात बॅकअप कशाचा घ्यायचा हे सहसा आयटी विभाग ठरवतो. मुख्य सर्व्हरवरचं बिलिंग, केसपेपर, लॅब रिपोर्ट यांची नियमित प्रत निघते. ईसीजी मशीनला जोडलेला संगणक, एन्डोस्कोपीचे फोटो, डायलिसिसची एक्सेल शीट मात्र यादीतून राहून जाऊ शकतात. कारण साधं आहे: त्या फाइल तिथे आहेत हेच आयटीला माहीत नसतं.

मग प्रत्येक विभागाने आपलं आपण बघावं का? आम्हा डॉक्टरमंडळींना हे आवडतं, पण मला पटत नाही. विभागाचा बॅकअप म्हणजे शेवटी कुणाच्या तरी खिशातला पेन ड्राइव्ह, आणि त्यात रुग्णांची नावं, निदानं, एचआयव्हीचे रिपोर्टसुद्धा! शिवाय कायम जोडून ठेवलेल्या हार्ड डिस्कवरही रॅन्समवेअर कुलूप घालू शकतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा कित्येक दिवस काम कागदावर चाललं. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. असं काही उभारणं एकट्या विभागाच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून प्रती काढणं आणि सांभाळणं आयटीकडेच असावं. यादीत भर घालण्याचा अधिकार मात्र विभागाला हवा. जागा पुरत नाही म्हणून एखादा फोल्डर वगळायचा असेल, तर विभागप्रमुखाची सही घ्यावी. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आयटीच्या कंत्राटदारावर नाही. मग यादी आम्ही बघायला नको?

एकट्याचा दवाखाना असेल तर दोन्ही भूमिका तुमच्याच. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी जुनी फाइल खरंच उघडते का, ते बघा. आणि वाचकहो, तुमचा ईसीजी कागदावर असेल तर आजच मोबाइलवर त्याचा स्वच्छ फोटो काढा, तारीख दिसेल असा.