सुईची जागा चोळू नका

पाळणा लांबवण्यासाठी सरकारी दवाखान्यात २०१७ पासून ‘अंतरा’ ही तीन महिन्यांची सुई फुकट मिळते. ती घेणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना थोडं सांगायचं आहे.

सुई टोचली की हात आपसूक तिथे जातो. घरी आल्यावर कुणीतरी मायेने गरम पाण्याची पिशवीही आणून देतं. अंतरा घेतल्यावर चोळू नका आणि शेकूही नका. या सुईत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे स्टेरॉइड हार्मोन असतं, १५० मिलिग्रॅम. ते पाण्यात सहजी विरघळत नाही. त्याच्या बारीक कणांचा साठा स्नायूत बसतो आणि थोडाथोडा झिरपत तीन महिने पुरतो. चोळलं की औषध घाईने रक्तात उतरतं आणि शेवटी कमी पडू शकतं.

औषध आणखी बेताबेताने सुटावं म्हणून शास्त्रज्ञांनी अल्ब्युमिनसारख्या प्रथिनाच्या सूक्ष्म गोळ्यांत हार्मोन भरूनही पाहिलं आहे. शरीर ते प्रथिन पचवत जातं, तसतसं औषध मोकळं होतं. युक्ती नामी आहे, पण अशा साठ्याच्या औषधाची अडचण एकच: आत गेलेलं परत काढता येत नाही. रोजची गोळी सोसली नाही तर उद्या बंद करता येते, ही सुई नाही.

म्हणून जे विचारायचं ते आधी विचारा, आणि काही लपवू नका. स्तनाचा कर्करोग, यकृताचा मोठा आजार, फार वाढलेला रक्तदाब, कारण न कळता अंगावरून जाणं, अंगावर पिणारं सहा आठवड्यांच्या आतलं बाळ, यातलं काहीही असेल तर सिस्टरना सांगा. वर्षभरात मूल हवं असेल तर दुसरा उपाय बघा. अंतराने वांझपण येत नाही, पण शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला साधारण नऊ-दहा महिने लागू शकतात.

सगळ्यात जास्त घबराट पाळीची. सुरुवातीला अवेळी डाग पडतात, पुढे अनेकींची पाळीच थांबते. मग ‘रक्त आत साठतंय’ असं शेजारपाजारचे सांगू लागतात. साठत काहीच नाही. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, तर बाहेर पडणार काय? हे नवऱ्याला आणि सासूबाईंनाही दवाखान्यातच समजावून द्यायला हवं, असं माझं मत आहे. रक्तस्राव खूप होत असेल तर मात्र घरी बसू नका. वर्षानुवर्षं सुई घेणाऱ्यांनी हाडांबद्दल डॉक्टरांशी बोलावं. घनता थोडी घटते, सुई थांबवल्यावर बरीचशी भरून येते.

लैंगिक संबंधातून होणारे रोग ही सुई अडवत नाही, त्यासाठी निरोधच वापरायला हवा.

आता तारीख. ठरल्या दिवसाच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत सुई घेता येते, पण ही सवलत अडीअडचणीसाठी आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी अंतराचं कार्ड घरी ठेवून जाऊ नये. जिथे मुक्काम असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवून पुढची सुई मागावी.