उन्हाचा भरणा
अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, क्वार्ट्झसाइट गावाभोवतीच्या सरकारी वाळवंटी जमिनीवर, हिवाळ्यात फिरती घरे घेऊन उतरणाऱ्या प्रवाशांपैकी एखाद्याने लख्ख उन्हात घडीचे सोलर पॅनेल मांडावे आणि सायंकाळी बॅटरी रितीच आढळावी, म्हणजे पहिला ठपका बिचाऱ्या पॅनेलवर येतो. परंतु जोडणी सोडवून त्याच्या टोकांना मल्टिमीटर लावताच बारा व्होल्टांच्या व्यवस्थेसाठी घडविलेल्या त्या पॅनेलने वीसेक व्होल्टांचा दाखला दिला, तर ते बहुधा निर्दोष ठरते व तहकिकात पुढे न्यावी लागते. गाडीच्या सॉकेटात धन-ऋण ध्रुव उलटे आहेत काय, फ्यूज जळाला आहे काय, पॅनेलचा एक आणि गाडीतील दुसरा अशा दोन भरणा-नियंत्रकांच्या दुहेरी अंमलात कारभार अडला आहे काय, हे क्रमाने तपासावे. पुष्कळसे नियंत्रक बॅटरीच्याच विजेवर जागे होत असल्याने आधी बॅटरी व मागाहून पॅनेल जोडण्याचा दस्तूर मोडू नये. आणि बॅटरी लिथियमची असून पहाटेचा पारा शून्य अंशाखाली उतरला असेल, तर तिच्या अंतर्गत संरक्षक मंडलाने नाकारलेला भरणा हा बिघाड नव्हे, कारण तशा थंडीत बळेच भरलेली वीज ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर चढवून बॅटरीची कायमची हानी करते.