उतारवयातल्या बदकांची अंडी: वनस्पतिजन्य पावडरीने कवच खरंच मजबूत होतं का?

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे शाहूवाडी तालुक्यातलं मलकापूर लागतं. पाऊस भरपूर, आजूबाजूला भातशेती. इथे बदकं पाळायची म्हटलं तर पाण्याची अडचण येत नाही. अडचण येते ती दुसऱ्या वर्षी. अंडी मोठी होतात, पण हाताळताना तडकतात. फोडल्यावर पांढरा भाग ताटलीभर पसरतो. अशा वेळी औषधी वनस्पतींची पावडर खाद्यात मिसळण्याचा सल्ला मिळतो. तिचा उपयोग किती, हे समजून घेऊ.

हा विषय आत्ताच का?

पक्ष्यांच्या खाद्यात थोड्या प्रमाणात अँटिबायोटिक मिसळण्याची पद्धत जगभर होती. त्यामुळे औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. म्हणून युरोपीय संघाने वाढीसाठीचा हा वापर 2006 पासून बंद केला. भारताने 2019 मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांमध्ये कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. दूध, मांस आणि अंड्यांमधल्या औषधांच्या अंशांबाबत अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, कडक मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून लागू झाल्या.

मोकळी झालेली ही जागा भरायला ओवा, ओरेगॅनो, लसूण, हळद, शतावरी यांच्या अर्कांची खाद्यपूरकं पुढे आली. मोठ्या पोल्ट्रीला पशुआहारतज्ज्ञ नेमता येतो. शंभर बदकं पाळणाऱ्याला मात्र पाकिटावरच्या मजकुरावर विश्वास ठेवावा लागतो.

वय वाढल्यावर नेमकं काय बिघडतं?

खाकी कॅम्पबेल जातीचं बदक साधारण पाचव्या महिन्यात अंडी द्यायला लागतं आणि चांगल्या व्यवस्थापनात वर्षाला 300च्या आसपास अंडी देतं. कोंबडीच्या तुलनेत बदक दुसऱ्या वर्षीही बऱ्यापैकी अंडी देतं, हा त्याचा मोठा फायदा. म्हणूनच जुना कळप विकायचा की ठेवायचा, हा प्रश्न पैशांचा असतो.

वयाबरोबर अंड्याचा आकार वाढतो, पण कवचासाठी मिळणारं कॅल्शियम त्या प्रमाणात वाढत नाही. तेवढाच माल मोठ्या पृष्ठभागावर पसरला की कवच पातळ होतं. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याची ताकदही कमी होते. बलकाचे घटक यकृतात तयार होतात. यकृतावर चरबी साठली की त्याचाही परिणाम दिसतो.

पांढऱ्या भागाचा घट्टपणा ‘हॉ युनिट’ने मोजतात. रेमंड हॉ यांनी 1937 मध्ये ही पद्धत मांडली. अंडं सपाट काचेवर फोडून घट्ट पांढऱ्या भागाची उंची मोजायची आणि अंड्याच्या वजनाशी तिचा मेळ घालायचा. पक्ष्याचं वय वाढलं किंवा अंडं शिळं झालं की हा आकडा उतरतो.

वनस्पती काय करू शकतात?

सगळ्यात ठळक परिणाम दिसतो तो बलकाच्या रंगावर. झेंडूच्या पाकळ्या, लसूणघास, अझोला, पिवळा मका यांतली रंगद्रव्यं थेट बलकात उतरतात. पण गडद बलक म्हणजे ताकदवान अंडं नव्हे. रंग फक्त पक्ष्याने काय खाल्लं ते सांगतो.

ओव्यातला थायमॉल, ओरेगॅनोतला कार्वाक्रॉल आणि हळदीतला कर्क्युमिन यांचा उपयोग आतड्याचं आरोग्य राखायला आणि पेशींची झीज कमी करायला होऊ शकतो. त्यातून पांढऱ्या भागाचा घट्टपणा काही प्रमाणात सुधारू शकतो. सोयाबीनमधली आयसोफ्लेव्होन्स इस्ट्रोजेनसारखी काम करतात, म्हणून उतारवयातल्या पक्ष्यांसाठी त्यांचा विचार होतो.

कवचाची गोष्ट वेगळी आहे. ते बनतं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटपासून, आणि कुठलाही पाला खाद्यातल्या कॅल्शियमची कमतरता भरून काढू शकत नाही. बदकं बहुतेक अंडी पहाटे देतात, म्हणजे कवच रात्रभर घडत असतं. त्यामुळे संध्याकाळी शिंपल्यांचा जाडसर चुरा दिला तर तो पोटात हळूहळू विरघळतो आणि गरजेच्या वेळी कॅल्शियम मिळत राहतं. अगदी बारीक पूड लवकर निघून जाते.

झाडपाला म्हणजे निर्धोक का?

नाही. सरकी पेंडीतल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडू शकतो. सुबाभळीच्या पाल्यातलं मायमोसिन जास्त झालं तर अंडी घटतात.

मलकापूरसारख्या पावसाळी भागात सगळ्यात मोठा धोका बुरशीचा. दमट हवेत साठवलेल्या मक्यावर आणि भुईमूग पेंडीवर बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं. इंग्लंडमध्ये 1960 साली टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, त्याचा माग भुईमूग पेंडीपर्यंत पोचला आणि या विषाची ओळख पटली. बदकं त्याला कोंबड्यांपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असतात आणि मार बसतो तो यकृतालाच. बुरशी आलेलं खाद्य देऊन वर यकृतासाठी पावडर घालणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणं.

आणखी एक मुद्दा: बदकांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबड्यांपेक्षा जास्त लागतं. नुसत्या कोंबडीखाद्यावर ठेवलेल्या कळपाचं मूळ दुखणं तेही असू शकतं.

परवडेल का? साधा हिशोब

समजा, 100 बदकं रोज प्रत्येकी 150 ग्रॅम खाद्य खातात. महिन्याला 450 किलो झालं. पावडरीमुळे किलोमागे 2 रुपये वाढले तर खर्च 900 रुपये. अंडं 10 रुपयांना जात असेल आणि तडकलेलं वाया जातं असं धरलं, तर हा खर्च भरून निघायला महिन्याला 90, म्हणजे रोज 3 अंडी जास्त वाचायला हवीत.

ती वाचतात का, हे घरीच तपासता येतं. एकाच वयाच्या कळपाचे दोन भाग करा. खाद्य, पाणी, जागा सारखी ठेवा, पावडर एकाच भागाला द्या. सहा आठवडे दोन्हीकडची एकूण आणि तडकलेली अंडी रोज वहीत लिहा. विक्रेत्याला पावडरीत कोणता घटक किती टक्के आहे ते विचारा. उत्तर फक्त ‘हर्बल’ एवढंच असेल तर पैसे राखून ठेवा.

थोडक्यात

कोरडं, बुरशीविरहित खाद्य, पुरेसं कॅल्शियम आणि नायसिन, कोरडं तूस आणि अंडी न देणारी बदकं वेळेवर काढून टाकणं ही पहिली पायरी. ती जमल्यावरच पावडरीचा विचार करावा. अंडी अचानक पातळ कवचाची येऊ लागली किंवा एकदम घटली, तर तो वयाचा परिणाम मानून थांबू नका. ते आजाराचं लक्षण असू शकतं आणि त्यावर पावडर हा उपाय नाही. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.