चाळीस टक्के म्हंजे काय?

पुण्यात ऑफिसच्या एसीत बसून मी दर दोन तासांनी धारणीचं हवामान चेक करतो. तिकडे गर्लफ्रेंड-बिर्लफ्रेंड नाही हो, हरभरा आहे. बाबांचा. सोंगून वावरात पडलेला.

मागच्या बुधवारी मोबाईलवर ढगाचं चित्र उगवलं. शनिवार रात्र, पावसाची शक्यता 40 टक्के. बाबांना फोन केला. "चाळीस टक्के म्हंजे येते का नाई येत, थे सांग ना!" आता बोला. रोज प्रेझेंटेशनमध्ये टक्केवारी फेकणाऱ्या मला उत्तर सुचेना. शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली.

अमरावतीहून मित्राच्या बाईकवर मुद्दाम चिखलदऱ्यावरून गेलो. उंची 1,118 मीटर. शक्कर तलावाच्या काठी स्वेटरवर जर्किन चढवून दोन-दोन चहा झाले, तरी बोटं सरळ होईनात. मग सेमाडोह, हरिसाल करत खाली उतरलो आणि एकेक कपडा निघत गेला. धारणीत पोचलो तो टी-शर्टवर! शंभर मीटर उतरलं की पारा अर्धा-पाऊण अंश चढतो, त्याचा हा प्रताप.

हे दिवसाचं झालं. रात्रीचा हिशेब वेगळा. आभाळ मोकळं असलं की जमिनीची ऊब वर निघून जाते, डोंगरावरची जड, थार हवा उतारानं तापीच्या खोऱ्यात येऊन बसते आणि धारणीत पहाटे दात वाजतात. ढग आले की ही ऊब खालीच अडकते. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते म्हणतात, पण ती अशी एका रात्रीत गायब झाली तर समजावं, काहीतरी गडबड आहे.

शनिवारी मला झकास झोप लागली होती. गोधडी पायाशी. दोन वाजता बाबांनी हलवलं. "ऊठ बापू, गरम होऊन राह्यलं." पुण्यात गरम झालं की लोक रिमोट शोधतात. आम्ही ताडपत्री शोधली.

उत्तरेकडचा गार वारा आणि समुद्रावरून आलेली ओल यांची गाठ या दिवसांत विदर्भावर पडली की धडकी भरते. फेब्रुवारी 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारांनी उभा गहू आणि हरभरा झोपवला होता. गारा सोडा, नुसता भिजला तरी हरभऱ्याचा दाणा डागी होतो आणि व्यापारी भाव पाडतो. माझी इंजिनीअरिंगची फी याच वावरातून गेली आहे, एवढं सांगितलं तर पुरे.

टॉर्चच्या उजेडात गंजी लावली, झाकली, कडेनं दगड ठेवले. चार वाजता टपटप सुरू झाली. दहा मिनिटं, बस्स. बाबांनी ताडपत्रीखाली हात घालून पाहिलं. कोरडं!

"थ्या मोबाईलवाल्याइले सांगजो," ते बिडी पेटवत म्हणाले, "रात्री गोधडी लागते का नाई, थे बी लिहत जा म्हना."